तहकूब डाव

बुद्धिबळाच्या मोठ्या स्पर्धांत एके काळी अशी रीत होती की, ठरलेली मुदत संपूनही डाव निकालात निघाला नाही, म्हणजे ज्याची पाळी असेल त्या खेळाडूने आपली पुढची खेळी पटावर न करता कागदावर लिहायची, तो कागद लखोट्यात घालून पंचांच्या हवाली करायचा आणि दोघांनीही आपापल्या मुक्कामी निघून जायचे. दुसऱ्या दिवशी लखोटा फोडला जाई, मोहरी जिथल्या तिथे मांडली जात आणि डाव पुढे सुरू होई. १९७२ साली रेक्याविक येथे बॉबी फिशर आणि बोरिस स्पास्की यांच्यात जगज्जेतेपदाची जी लढत झाली, तिचा एकविसावा आणि अखेरचा डाव असाच तहकूब झाला होता. दुसऱ्या दिवशी, १ सप्टेंबरला, स्पास्कीने पटापाशी न येता दूरध्वनीवरूनच आपली हार कळवली. पुढे संगणक प्रबळ झाले, रातोरात त्यांच्याकडून डावाचे पृथक्करण करून घेणे शक्य झाले आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ही प्रथा लयाला गेली. तथापि तिच्या मुळाशी असलेले तत्त्व मात्र कालबाह्य झालेले नाही. डावात खंड पडणे आणि डाव हरणे या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिलीची शिक्षा दुसरीसारखी देणे हा उघड अन्याय आहे, हे ते तत्त्व होय.

व्हिडिओ गेम नावाच्या आधुनिक खेळाने हे तत्त्व पुष्कळ वर्षे जुमानले नाही, आणि आजही तो ते मनापासून मानतोच असे म्हणवत नाही. खेळणाऱ्यांच्या तोंडी ज्या तक्रारी वारंवार येतात त्यांत ‘खेळ अवघड आहे’ ही तक्रार फारशी नसते, कारण अवघडपणासाठीच तर तो खेळला जातो. खरी चीड असते ती ‘तासभर खेळलो आणि सेव्हच झालं नाही’ या गोष्टीची. वरवर पाहता हा पोरखेळातला क्षुल्लक रुसवा वाटतो; परंतु त्याचा उगम शोधू लागले म्हणजे यंत्राची रचना, विजेचा पुरवठा, कर्त्याचा हेतू आणि कंपन्यांचा अंमल अशा चार निरनिराळ्या ठिकाणी जाऊन पोहोचावे लागते.

परभणी जिल्ह्यातील पाथरी हे कल्याण–निर्मल महामार्गावरचे तालुक्याचे गाव या चारही ठिकाणांचा माग काढण्यास मोठे सोयीचे आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ असल्या नावांची जी स्वस्त खेळयंत्रे भारतीय बाजारात आली आणि शहरांमागून अशा गावांतही पोहोचली, ती निन्तेन्दो या जपानी कंपनीने १९८३ साली काढलेल्या ‘फॅमिकॉम’ यंत्राच्या नकला होत्या. लोक त्यांना ‘टीव्ही गेम’ म्हणत. कॅसेटीच्या वेष्टनावर हजारो खेळांची ग्वाही असे आणि आत तेच पाच-दहा खेळ नावे पालटून पुन्हा पुन्हा येत. त्यांत ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ हे बहुधा असायचेच. मूळ फॅमिकॉमची कामचलाऊ स्मृती अवघी २,०४८ बाइटांची, म्हणजे आजच्या पद्धतीने देवनागरीत साठवायचे म्हटले तर हा एक परिच्छेदही तीत पुरता मावणार नाही इतकी तोकडी. आणि मारिओ कोणत्या दुनियेत आहे, त्याचे किती जीव उरले, नाणी किती जमली हा सारा तपशील ती विद्युत्प्रवाह चालू असेतोवरच धरून ठेवी. कॅसेटीतील स्मृती कायमची खरी, पण तिच्यावर कारखान्यात एकदा जे कोरले गेले ते गेले. तिच्यात नवे काही लिहिण्याची सोय नव्हती. थोडक्यात, ज्या स्मृतीत लिहिता येई ती टिकत नसे, आणि जी टिके तीत लिहिता येत नसे.

१९८५ साली आलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळात आठ दुनिया आणि प्रत्येकीत चार मजले, असे बत्तीस मजले आहेत. सारे जीव संपल्यावर ‘ए’ बटण दाबून धरत ‘स्टार्ट’ दाबले, तर त्याच दुनियेच्या पहिल्या मजल्यापासून खेळता येते, ही गुप्त मुभा कर्त्यांनी ठेवलेली होती. परंतु ती मुभाही त्याच क्षणजीवी स्मृतीत नोंदलेली असल्याने विजेबरोबर तीही जाई. पाथरीसारख्या गावात वीज जाणे ही काही आपत्ती नव्हे, दिनक्रमाचा भाग होता. ६ जून २००५ रोजी राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी कामास लागली तेव्हा राज्यात विजेचा तुटवडा मोठा होता, आणि पुढे काही वर्षे भारनियमनाची तजवीज अशी होती की, ज्या भागात वीजगळती अधिक आणि बिलांची वसुली कमी तेथे अंधाराचे तास अधिक. मराठवाड्यातील ग्रामीण भागाच्या वाट्याला ते किती आले असतील याची कल्पना वाचकांस सहज येईल. शेजारच्या बीड जिल्ह्यात परळीचे औष्णिक वीजकेंद्र उभे होते, पण २०१३ च्या दुष्काळात तेच पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

अशा वेळी घराघरांत जे घडे त्याचे स्वरूप ठरलेले होते. मारिओ आठव्या दुनियेतल्या किल्ल्याशी पोहोचलेला, भोवती भावंडे आणि शेजारची मुले श्वास रोखून बसलेली, आणि एकाएकी पंखा मंदावे. जुन्या नळीच्या टीव्हीवरील चित्र आक्रसून पडद्याच्या मध्याशी एक पांढरा ठिपका उरे आणि तोही विझे. गल्लीभर ‘लाइट गेली’ असा पुकारा होई. तासा-दोन तासांनी ‘आली, आली’ म्हणून दुसरा पुकारा होई तेव्हा यंत्र निर्विकारपणे पहिल्या दुनियेचा पहिला मजला पुढे करी. खेळणारा हरला नव्हता, चुकलाही नव्हता. पण यंत्राच्या लेखी तो कधी खेळलाच नव्हता.

ही अडचण खुद्द जपानातही कर्त्यांच्या ध्यानी आली होती आणि तिच्यावर दोन तोडगे निघाले. पहिला परवलीच्या अक्षरांचा. १९८६ सालच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या खेळात, थांबायचे असेल तेव्हा, खेळाडूची सारी मिळकत हिरागाना लिपीतील वीस अक्षरांत गुंफून पडद्यावर दाखवली जाई. ती वहीत उतरवून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तशीच भरायची. पुढल्याच वर्षीच्या दुसऱ्या भागात ही अक्षरे बावन्नांपर्यंत गेली. अक्षरांचा आपसांतला हिशेब जुळतो की नाही हे यंत्र तपासून पाही, त्यामुळे एखादे अक्षर घाईत भलतेच उतरवले गेले तर साऱ्या वाटचालीची दाद लागत नसे. म्हणजे येथे यंत्राने स्मरण ठेवण्याचे आपले काम माणसाच्या हस्ताक्षरावर सोपवले होते, आणि हस्ताक्षराच्या दोषाची शिक्षा मात्र खेळात होत होती.

दुसरा तोडगा खऱ्या अर्थाने टिकाऊ निघाला. १९८७ साली अमेरिकेत विकल्या गेलेल्या ‘द लिजंड ऑफ झेल्डा’ या खेळाच्या कॅसेटीतच एक लहानशी स्मृती बसवून तिला नाण्याएवढ्या बॅटरीने अहोरात्र जागे ठेवले होते. यंत्र बंद केले तरी नोंद शाबूत राही. मात्र बंद करताना ‘रिसेट’चे बटण दाबून धरावे अशी सूचना खेळाडूस दिलेली असे, कारण विजेचा दाब उतरत असतानाच्या त्या निमिषार्धात प्रक्रियकाची शुद्ध हरपते आणि तो स्मृतीत भलतेसलते लिहून बसण्याची धास्ती असते. शिवाय बॅटरीलाही आयुष्य आहे. दहा-पंधरा वर्षांनी ती संपली म्हणजे नोंदही गेली. आपल्याकडच्या नकली कॅसेटीत दोन पैसे वाचवण्यासाठी ही बॅटरी बहुधा गाळलेलीच असे. पुढे १९९४ च्या ‘प्लेस्टेशन’ यंत्रासोबत वेगळे मेमरी कार्ड आले, ज्यात १२८ किलोबाइटांची जागा आणि वापरास पंधरा खण होते, आणि बॅटरीविना टिकणाऱ्या स्मृतीचे युग घरोघर सुरू झाले.

परंतु टिकाऊ स्मृती आली म्हणून नोंद निर्धोक झाली असे नव्हे. कार्डावर किंवा संगणकाच्या चकतीवर लेखन चालू असताना वीज गेली, तर जुनी नोंद पुसली गेलेली आणि नवी अर्धवट, अशी त्रिशंकू अवस्था होते. पडद्यावर ‘यंत्र बंद करू नका’ अशी विनवणी झळकते ती याच भयाने. जाणते कर्ते यावर जी युक्ती योजतात ती आपल्या अडत्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे: दिवसाचा व्यवहार आधी कच्च्या वहीत टिपायचा, बेरीज जुळते का ते पाहायचे आणि मगच पक्क्या वहीत चढवायचा. संगणकही नवी नोंद अगोदर निराळ्या जागी लिहितो, ती पुरी झाल्याची खातरजमा करतो, आणि त्यानंतरच जुनी नोंद रद्द ठरवून नवीस तिच्या जागी बसवतो. मध्येच दिवा गेला तर जुनी नोंद तरी हाती राहते. हे तंत्र साधे आहे, आणि ते जिथे पाळले जात नाही तिथे दोष विजेचा नसून कर्त्याचा असतो.

यानंतर गावोगावी संगणक आले आणि सायबर कॅफेत तासाच्या दराने खेळण्याची सोय झाली. तेथे जे खेळ गाजले त्यांत ‘व्हाइस सिटी’चे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. संगणकावर २००३ साली आलेल्या या खेळात प्रगतीची नोंद करण्यास आठ खण होते, आणि नोंद मनात येईल तेथे करता येत नसे. नायकाला शहरातील आपल्या ठरावीक मुक्कामांपैकी एकावर जाऊन तेथे तरंगणाऱ्या गुलाबी कॅसेटीला स्पर्श करावा लागे. हाती घेतलेली कामगिरी, खेळणाऱ्यांच्या भाषेत ‘मिशन’, अर्धी असताना तर नोंदीची वाट अजिबात बंद. आता कॅफेतील परिस्थिती पाहा. वीज गेली की यूपीएस पेटी केविलवाणी शिटी वाजवू लागते आणि पाच-दहा मिनिटांची सवलत देते. पलीकडे अर्ज टंकणारा मनुष्य तेवढ्या अवधीत आपला मसुदा सुरक्षित करून उठतो, पण खेळणाऱ्याला त्या सवलतीचा यत्किंचितही उपयोग नाही, कारण खेळाचा नियम सांगतो, आधी कामगिरी फत्ते करा आणि मग नोंदीचे बोला. त्यातून नोंद साधलीच, तरी ती दुकानातल्या त्याच संगणकावर. संध्याकाळी येणारा दुसरा गडी बेधडक त्याच खणात स्वतःची नोंद करून मोकळा होई. आठ खण आणि गावभरची मुले, यातून जे तंटे उद्भवत त्यांची कैफियत ऐकण्याचे काम कॅफेवाल्याकडे येई.

येथे कर्त्यांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती केवळ आडमुठेपणाची नाही. वाटेल तेव्हा नोंद करण्याची मुभा दिली की, खेळणारा दर दोन पावलांवर नोंद करतो, फासा उलटा पडला की मागे जातो आणि जिंकेपर्यंत तोच क्षण पुन्हा पुन्हा खेळतो. मग निर्णयाला किंमत राहत नाही आणि भयाला भय राहत नाही. १९९६ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल’ या भयकथेत नोंदीसाठी टंकलेखन यंत्रापाशी जावे लागे आणि दर नोंदीस शाईची एक फीत खर्ची पडे. फिती मोजक्या, म्हणून नोंद हीच जपून वापरण्याची संपत्ती ठरली, आणि बंद दाराआड काय असेल या धास्तीला त्यामुळे धार आली. हा हेतुपुरस्सर केलेला कलाविचार आहे व तो यशस्वी झाला, हे मान्य करण्यास हरकत नाही.

तथापि कठोरपणा आणि अन्याय यांत जो भेद आहे तो काही कर्त्यांनी फार पूर्वीच ओळखला होता. १९८० च्या सुमारास अमेरिकी विद्यापीठांतील संगणकांवर पसरलेला ‘रोग’ हा भुयारांचा खेळ इतका निष्ठुर की, त्यात मरण आले म्हणजे सारे आरंभापासून. पण त्यात मध्येच थांबण्याची सोय होती. थांबताना नोंद होई आणि पुन्हा सुरू करताच ती नोंद नष्ट केली जाई, त्यामुळे तिच्या आधाराने मागे जाऊन मरण टाळणे शक्य नसे. १९८९ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’मध्ये, जो खेळ आपल्याकडे संगणक-वर्गांतून पुष्कळांनी पाहिला, राजकन्येच्या सुटकेस एकंदर साठ मिनिटे मिळत. कर्ता जॉर्डन मेक्नर याने नोंदीची मुभा दिली, पण नोंदीत उरलेली मिनिटेही लिहिली जात, म्हणजे विश्रांती मिळे पण दवडलेला वेळ परत मिळत नसे. दोन्ही ठिकाणी पराभवाची किंमत पुरेपूर वसूल केली आहे, आणि खंडाची मात्र एक कवडीही आकारलेली नाही. याच्या उलट उदाहरण २००१ च्या ‘ॲनिमल क्रॉसिंग’चे. त्यात नोंद न करता यंत्र बंद केले, की पुढच्या वेळी श्रीयुत रिसेटी नावाचा एक तापट प्राणी बिळातून वर येऊन लांबलचक कानउघाडणी करतो. लबाडीने मागे जाऊ पाहणाऱ्यास ही शिक्षा शोभून दिसते. पण ज्याच्या घरची वीज गेली त्यालाही तोच उपदेश निमूट ऐकावा लागतो, कारण बटण कोणी दाबले, खेळाडूने की वीज कंपनीने, हे समजण्याचे कोणतेही साधन त्या खेळापाशी नाही.

गेलेली प्रगती एवढी झोंबते का, याचेही कारण पाहण्यासारखे आहे. डॅनियल काहनेमन आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडले की, तेवढ्याच मोलाच्या लाभाने होणाऱ्या आनंदापेक्षा हानीचे दुःख माणसाला अधिक जाणवते. खेळात यात आणखी एका गोष्टीची भर पडते. खेळाचे सुख शिकण्यात आहे. अनोळखी वाट पहिल्यांदा पार करण्यात जो उल्हास असतो तो, केवळ नोंद राहिली नाही म्हणून तीच वाट पुन्हा तुडवण्यात नसतो. हरलेल्याला पुन्हा खेळताना काहीतरी साधायचे असते. न हरता मागे ढकललेल्याला साधायचे असे काहीच उरलेले नसते. त्याच्याकडून घेतला जातो तो निव्वळ वेळ. आई जेवायला हाक मारते आणि मुलगा ‘थांब की गं आई, सेव्ह होऊ दे’ म्हणतो, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यात हट्ट दिसतो. पुष्कळदा तो हट्ट मुलाचा नसून, नोंदीचे ठाणे दूर ठेवणाऱ्या खेळाचा असतो.

पुढे भ्रमणध्वनी आले आणि विजेचा प्रश्न बराचसा मिटला, कारण यंत्राच्या पोटातच बॅटरी होती. शिवाय प्रगतीची नोंद खेळाडूच्या यंत्रावर न राहता दूरवरच्या कंपनीच्या दप्तरात, म्हणजे सर्व्हरवर, जाऊन बसली. आता लाइट गेली तरी चिंता नाही. परंतु दप्तर ज्याचे अंमल त्याचा, हा जुना कायदा येथेही लागू झाला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपांवर बंदी घातली, त्यांत ‘पबजी मोबाइल’ हा खेळही होता. त्याच वर्षीच्या ३० ऑक्टोबरला भारतातील खेळाडूंसाठी त्याचे सर्व्हर बंद झाले, आणि महिनोन्‌महिने रात्री जागवून मिळवलेल्या पदव्या, पोशाख व दर्जा यांना कुलूप लागले. २ जुलै २०२१ रोजी क्राफ्टन कंपनीने त्याच्या जागी ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ आणला तेव्हा जुना हिशेब नव्या खात्यात वर्ग करून घेण्याची सोय देण्यात आली. हाही खेळ जुलै २०२२ मध्ये ॲपच्या दुकानांतून हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. दरम्यान ज्यांनी कोणत्याही खात्याशी न जोडता ‘गेस्ट’ म्हणून असले खेळ खेळले होते त्यांच्यापाशी हक्क सांगण्यास पुरावाच नव्हता. फोन बिघडला की सारे बेवारस.

नव्या खेळात नवी भेट-बक्षिसे मिळत असताना माणसे जुन्याच नोंदीसाठी का अडून बसतात, असा प्रश्न कोणी करील. त्याला पाथरीच्याच इतिहासात एक मासलेवाईक उत्तर आहे. फरिश्ता या इतिहासकाराच्या तवारिखेप्रमाणे अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी. सोळाव्या शतकात हे गाव वऱ्हाडच्या इमादशाहीकडे होते, आणि बुऱ्हाण निजामशहाने त्याच्या मोबदल्यात दुसरा, अधिक उत्पन्नाचा परगणा देऊ केला. इमादशहाने ते नाकारले आणि त्यातून युद्ध जुंपले. महसुलाचा हिशेब पाहिला तर निजामशहाच्या दृष्टीने तोट्याचाच सौदा तो. परंतु पूर्वजांचे नाव ज्या वतनाशी जोडलेले असते त्याची भरपाई अधिक जमाबंदीच्या दुसऱ्या गावाने होत नाही. खेळाडूच्या दर्जाचेही तसेच आहे. त्याच्या लेखी ती नोंद म्हणजे किती मिळाले याचा आकडा नसून, ते आपण मिळवले याचा दाखला असतो.

या सर्वांतून खेळ रचणाऱ्यांना पाळता येईल अशी शिस्त निष्पन्न होते, आणि ती पाळणे आज अवघडही नाही. कामगिरी अर्धी असली तरी तेवढ्यापुरती तहकुबी मिळावी, आणि लबाडीची भीती असेल तर ‘रोग’प्रमाणे ती नोंद एकदाच वापरता यावी. २००४ च्या ‘निन्तेन्दो डीएस’ या हातयंत्रात झाकण मिटताच खेळ जागच्या जागी निजे आणि उघडताच जागा होई. तीच सोय पुढे मोठ्या यंत्रांतही आली. नोंद कोठे आणि केव्हा झाली हे पडद्यावर स्वच्छ दाखवावे. सर्व्हर बंद करायचा झाल्यास खेळाडूला पुरेशी मुदत आणि आपली नोंद सोबत नेण्याची वाट द्यावी. खेळणाऱ्यांनीही गेस्ट खात्याच्या भरवशावर न राहता आपली प्रगती आपल्या नावे रुजू करून घ्यावी, आणि जेथे दोन नोंदी ठेवता येतात तेथे एकीवर विसंबू नये.

टोकियोत किंवा कॅलिफोर्नियात बसून खेळ रचणारा कर्ता, आपला खेळाडू अखंड वीज, स्वतःचे यंत्र आणि निवांत संध्याकाळ घेऊन बसला आहे असे मनाशी गृहीत धरतो. पाथरीच्या खेळाडूपाशी या तिन्हींपैकी एखादीच गोष्ट असते, पण त्याचे कौशल्य त्यामुळे कमी प्रतीचे ठरत नाही. नोंदीचा नियम आखताना कर्त्याने हा खेळाडू डोळ्यांपुढे ठेवला, तर घाईघाईने स्थानकावर उतरणाऱ्या मुंबईकराची आणि रडणाऱ्या तान्ह्या मुलाला घ्यायला मध्येच उठणाऱ्या आईचीही सोय आपोआप होईल. आणि खेळ तरीही जितका अवघड ठेवायचा तितका ठेवण्यास कर्ता पूर्ण मुखत्यार राहील.